चुना कोणाच्या हातचा?

वसईच्या किल्ल्यात सेंट अँथनीच्या पडक्या चर्चमध्ये शिरलं की आपण थडग्यांवरून चालू लागतो. जमीन म्हणून पायाखाली येते ती एकेक लादी कुणा ना कुणाची कबर झाकणारी. वर पोर्तुगीज अक्षरं, घराण्यांची चिन्हं, आणि काही ठिकाणी चपला-बुटांनी घासून उरलेला नुसता गुळगुळीतपणा. सुटीच्या दिवशी याच लाद्यांवर लग्न ठरलेल्या जोडप्यांचे फोटो निघतात, शाळांच्या सहली डबे उघडतात. मागच्या हिवाळ्यात तिथेच दोन तरुणांचं भांडण कानावर पडलं. एकाचं म्हणणं, ही गुलामीची निशाणी, हिच्यावर सरकारने पैसा का घालवावा? दुसऱ्याचं म्हणणं, हा आमचा पोर्तुगीज वारसा, युरोपात असता तर लोकांनी रांगा लावून तिकिटं काढली असती. दोघंही वसईचेच, बोलण्याची ढबही एकच. पाऊण तास वाद चालला आणि तेवढ्या वेळात एकानेही मान वर करून समोरच्या भिंतीकडे पाहिलं नाही.

फोनवर हाच वाद रोज चालू असतो. १७३९ ची मराठ्यांची वसई-मोहीम, देवळांत टांगलेल्या चर्चच्या घंटा, इन्क्विझिशन म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, वसईचे संत गोन्सालो गार्सिया. तेच पत्ते, नव्याने पिसलेले. मी या वादात तटस्थ नाही. माझं म्हणणं असं की दोन्ही पक्ष एकच गोष्ट गृहीत धरून चालतात: इमारत ज्याने बांधायला लावली त्याची. उत्तर कोकणातली चर्च आणि चॅपेलं ही आधी इथल्या पाथरवटांची, गवंड्यांची, सुतारांची आणि चुना मळणाऱ्यांची कामं आहेत, मग नकाशा कुठूनही आलेला असो. ही ओळख पुसली गेली म्हणून एकीकडे पडक्या चर्चची हेटाळणी होते. दुसरीकडे नांदती चर्च पाडली जातात, आणि मला जास्त बोचतं ते हे, की ती प्रेमाने पाडली जातात.

हे दुसरं दुखणं घरचं आहे. आमच्या धर्मग्रामाचं, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीचं, नाव सांगत नाही, कारण ही गोष्ट कुठल्याही गावाला लागू पडेल. जुनं चर्च लहान पडतं, कौलं गळतात, नाताळच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, निम्मी माणसं मांडवात उभी असतात. म्हणून सभा भरली, नकाशे आले. नकाशात दुमजली, मोठ्या काचांचं, वातानुकूलित चर्च होतं; ते विमानतळावर नेऊन ठेवलं असतं तरी खपलं असतं. सभेत जी खडाजंगी झाली ती किल्ल्यातल्या भांडणाचीच जुळी बहीण. एक गट म्हणाला, जुनं ते पोर्तुगिजांचं, आपण आता आपलं बांधू. दुसरा म्हणाला, पूर्वजांनी दिलेलं आहे, एक वीट हलवायची नाही. भिंतीत वीट नव्हतीच, काळा दगड होता. पण तिथेही भिंतीकडे कोण बघतो?

आधी विरुद्ध बाजूचं सगळ्यात वजनदार म्हणणं मान्य करून टाकतो. या इमारती बळाच्या सावलीत उभ्या राहिल्या. १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतान बहादूरशाहाने वसई पोर्तुगिजांना दिली, ती काही वसईकरांना विचारून नव्हे. पुढच्या दोनशे वर्षांत देवळं पडली, निर्मळसारखं तीर्थक्षेत्र उजाड झालं, ते पेशवाईत पुन्हा उभं राहिलं. १५६० पासून गोव्यात इन्क्विझिशन होतं आणि त्याचा हात वसईपर्यंत पोचत होता. बोरिवलीच्या मंडपेश्वरला जाऊन पाहा: आठव्या शतकाच्या आसपासची शैव लेणी, तिचं चॅपेल केलेलं, माथ्यावर फ्रान्सिस्कन मठाचे अवशेष, आणि आत एका शिल्पपटाचा दगड तासून काढलेला भला थोरला क्रूस. ज्याला हे पाहून काहीच वाटत नाही त्याच्याशी मला वाद घालायचा नाही. आम्हा ख्रिस्ती लोकांपैकी काही जण हा विषय निघाला की ‘त्या काळी सगळेच तसे होते’ म्हणून मोकळे होतात. ते उत्तर नव्हे, ती पळवाट आहे.

पण मग त्या तासलेल्या दगडाचं करायचं काय? क्रूस फोडला तर खालचं शिल्प परत येत नाही. ते छिन्नीने केव्हाच गेलं. उरेल ती सपाट भिंत, आणि सपाट भिंतीवर ना शैवांची कला दिसेल ना तिच्यावर झालेला घाव. अन्यायाचा पुरावा नष्ट करून अन्यायाची आठवण कशी राखणार? गुलामीची निशाणी म्हणून जे पाडायला निघतात त्यांनी हे एकदा स्वतःशी नीट मांडून बघावं. ते स्वतःच्याच बाजूचा साक्षीदार गप्प करायला निघालेत.

आणि ज्यांनी प्रत्यक्ष लढून वसई घेतली त्यांनी काय केलं? चिमाजी अप्पांच्या फौजेने १७३९ च्या मे महिन्यात हा किल्ला घेतला, तोही हजारोंची आहुती देऊन. राग कुणाला असायला हवा होता तर त्यांना. त्यांनी चर्चमधल्या घंटा उतरवल्या, हे खरं. त्या विजयाच्या खुणा म्हणून नेल्या, हेही खरं; त्यात सर्वधर्मसमभाव शोधायला जाऊ नये. पण नेऊन केलं काय, ते पाहा. नाशिकला नारोशंकराच्या देवळावर जी घंटा टांगली तिच्यावर १७२१ हा आकडा तसाच आहे. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यामागच्या घाटावर १७०७ सालची घंटा आहे, तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मरिया आहे. कुणी ती खरवडली नाही. भीमाशंकरलाही अशीच घंटा. शत्रूची वस्तू चांगल्या धातूची, चांगल्या नादाची असेल तर ती ओतणाऱ्याच्या हाताला मान द्यायचा, एवढं भान जिंकणाऱ्यांपाशी होतं. आज त्यांच्या नावाने बाह्या सरसावणाऱ्यांत ते का नसावं? वसईभोवतीची ख्रिस्ती गावंही पुढे पेशव्यांच्या अमलात टिकली, म्हणून तर मी हा लेख लिहितोय.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळतो, ‘आमचा पोर्तुगीज वारसा’वाल्यांकडे. यांचं म्हणणंही पोकळ नाही. दर्शनी भिंतीवरचे ग्रीको-रोमन धाटणीचे स्तंभ, अर्धवर्तुळाकार कमान, मधलं लांब दालन आणि टोकाला मुख्य वेदी, हा आराखडा युरोपातून आला, आणि आणणारे फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन, ऑगस्टिनियन संघांचे धर्मगुरू होते. प्रत्येक संघाने किल्ल्यात आपापलं चर्च उभारलं. मात्रिझ म्हणजे सेंट जोसेफचं मुख्य चर्च १५४६ च्या सुमाराचं. गोव्याचे आर्चबिशप आलेइशू द मेनेझिस यांच्या काळात, १६०१ मध्ये, ते नव्याने बांधलं गेलं, आणि तसा शिलालेख तिथे आहे. तटाच्या आतली वस्तीही मुख्यतः पोर्तुगीज उमरावांची. इतकं सगळं त्यांचं असताना ‘आमचं’ कशाला म्हणायचं, असा प्रश्न येणारच.

त्याचं उत्तर मला गोव्यात मिळालं, तेही बॉम जेझूच्या बॅसिलिकेसमोर. १५९४ ते १६०५ या काळात बांधलेली ही इमारत जांभ्याची आहे, पण तिच्या दर्शनी भागावरचं नक्षीकाम जांभ्यात नाही. जांभा भुसभुशीत, त्यात बारीक कोरीव काम टिकत नाही. म्हणून तिथे काळा पाषाण बसवला, आणि तो आणला वसईहून, शिडाच्या जहाजांत घालून, अख्खी कोकणपट्टी उतरून. जगातल्या नामांकित चर्चपैकी एकाच्या कपाळावर आमच्या खाणींचा दगड आहे. आमच्या किती शाळांत हे सांगतात? तो दगड खाणीतून कसा काढायचा, कुठल्या दिशेने पहार घातली की फाटेल आणि कुठे ठोकलं की कपचा उडेल, हे रोमला माहीत नव्हतं आणि लिस्बनलाही नाही. ते ज्यांना माहीत होतं त्यांची नावं कुठल्याच लादीवर कोरलेली नाहीत.

मग चुना. शिंपले किंवा चुनखडी भट्टीत भाजायची, कळीचा चुना पाण्यात विरवायचा, खड्ड्यात मुरू द्यायचा, मग वाळू घालून घाणीत बैलांकडून मळून घ्यायचा. त्यात गूळ, हिरड्याचं पाणी, बेलफळाचा चीक, ज्याच्या त्याच्या घराण्याच्या हिशोबाने. ही कृती देवळाला, मशिदीला, वाड्याला, विहिरीला नि चर्चला एकच. मळणारा हात एकच असेल तर भिंतीचा धर्म कोणता? नकाशा परदेशी असला म्हणून काम परदेशी होत असेल, तर १६१६ साली गोव्यात छापलेलं फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण इंग्रजी म्हणायला हवं. लिहिणारा इंग्लंडचा, कथा बायबलातली. पण ओवी आपली, आणि मराठीची त्याने केलेली स्तुती आपण कौतुकाने पाठ करतो. शब्दांना जे सहज देऊन टाकतो ते दगडाला द्यायला आपण का अडखळतो? एक कारण मला दिसतं: ओवी रचणाऱ्याचं नाव आहे, गवंड्याचं नाही.

आणि पाऊस. युरोपातल्या पुस्तकात कोकणातला आषाढ नव्हता. चार-पाच महिने वाऱ्यासकट आडवा मारणारा पाऊस, त्यात समुद्राचा खार. म्हणून इथे भिंती जाड झाल्या, खिडक्या लहान आणि खोल झाल्या, बाहेर गिलावा आणि दर वर्षी सफेदी आली. उतरत्या छपरावर कौलं चढली, दारापुढे पडवी आली. गावातलं एखादं जुनं चर्च लांबून पाहा: वरच्या क्रुसावर बोट ठेवून तो झाका, आणि काय उरतं? दोन्ही बाजूंना उतरतं कौलारू छप्पर, पांढरी भिंत, पुढे ओटा. इथल्या वाडवळ समाजातल्या मोठ्या घराचं आणि त्याचं नातं मग मला तरी वेगळं सांगावं लागत नाही. उलट दिशेनेही देवाणघेवाण झालीच. गोव्यात कवळ्याचं शांतादुर्गेचं देऊळ शाहू महाराजांच्या काळात, १७३८ च्या सुमाराला उभं राहिलं. त्याच्या कमानीच्या खिडक्या आणि घुमटाची ठेवण बघून कुणाही जाणत्याला चर्च बांधणाऱ्या गवंड्यांची शेजारपाजार आठवेल. म्हणून शांतादुर्गा पोर्तुगीज झाली का?

पोर्तुगीज अभिमानवाल्यांना आणखी एक गोष्ट आठवून द्यावीशी वाटते. ज्यांचा वारसा म्हणून आपण ऊर फुगवतो त्यांनी तो स्वतः किती सांभाळला? १८३४ मध्ये पोर्तुगालच्या उदारमतवादी सरकारने धर्मसंघ बरखास्त केले. जुन्या गोव्यातले मठ ओस पडले, बरेचसे पाडले गेले, त्यांचा दगड दुसरीकडे लागला. ऑगस्टिनियनांच्या भव्य चर्चचं छत १८४२ मध्ये कोसळलं आणि १९३१ मध्ये दर्शनी भाग आला खाली, पोर्तुगीज राज्य नांदत असताना. आज तिथे एक अर्धा मनोरा उभा आहे. इकडे वसईत इंग्रजांच्या काळात किल्ल्याच्या आत साखरेचा कारखाना काढण्यापर्यंत मजल गेली होती. रेवदंड्याला जा, सातखणी म्हणून ओळखला जाणारा मनोरा नारळी-पोफळीच्या बागांतून डोकं वर काढून उभा दिसेल. त्याला सातखणी हे नाव पोर्तुगिजांनी दिलेलं नाही. खण मोजणाऱ्या गावाने दिलंय. तो कुठल्या संताच्या चर्चचा हे विचारलं तर दहातले नऊ जण खांदे उडवतील, पण माळे मात्र न चुकता सांगतील. मला हे अज्ञान वाटत नाही. इमारत आपली करून घेण्याची ती एक तऱ्हा आहे, आणि किल्ल्यातल्या त्या दोघांच्या भांडणापेक्षा कितीतरी शहाणी.

इथवर जे माझ्याबरोबर आले असतील त्यांच्यातलेच काही आता वळून विचारतील: इमारत इथल्या हातांची असेल तर इथल्याच हातांनी ती बदलली तर तुमचं काय जातं? आमच्या सभेतही एका कॉन्ट्रॅक्टरने नेमका हाच मुद्दा मांडला, आणि तो मला आजवर ऐकलेल्यातला सगळ्यात बिनतोड वाटतो. चर्च ही काही संग्रहालयातली वस्तू नाही. तिथे बाप्तिस्मे होतात, लग्नं लागतात, मढी येतात. आणि इतिहासही त्याच्याच बाजूने बोलतो. १६१८ च्या मे महिन्यात आलेल्या वादळाने वसईतल्या चर्चची छपरं उडवली. ती पुन्हा घातली. १६७४ मध्ये मस्कतच्या अरबांनी तटाबाहेरची चर्च लुटली. ती पुन्हा उभी राहिली. कॅथलिक चर्चच्या बिशपांची दुसरी व्हॅटिकन परिषद झाली, त्यानंतर, म्हणजे १९६५ च्या पुढे, मिस्सा लॅटिनमधून मराठीत आली, धर्मगुरू लोकांकडे तोंड करून उभे राहू लागले, आणि त्यापायी वेद्या पुढे सरकल्या. मराठीत प्रार्थना करायला मिळाली याचा आनंद आम्हाला आहेच; मग त्यासाठी वेदी हलली याचं दुःख कशाला?

वांद्र्याचं माउंट मेरी घ्या. तिथलं जुनं चॅपेल मराठ्यांच्या स्वारीत गेलं, अठराव्या शतकात पुन्हा बांधलं, आणि आज जी इमारत आपण पाहतो ती १९०४ ची, शापूरजी चंदाभॉय या पारशी स्थापत्यकाराची. दादरला गोखले रोडवरचं पोर्तुगीज चर्च मूळ सोळाव्या शतकाच्या अखेरचं. तिथे १९७० च्या दशकात चार्ल्स कोरियांनी सर्वस्वी नवी इमारत रचली, उंच कवचांखालच्या छायेतली दालनं आणि मोकळे चौक असलेली. मला ती आवडते. तेव्हा जुनं तेवढं सोनं, ही माझी भूमिका नाही. एक वीट हलवायची नाही म्हणणाऱ्या आमच्या मंडळींशी माझं इथे जमत नाही. त्यांनी मागितलेली न हलणारी इमारत चारशे वर्षांत कधी अस्तित्वातच नव्हती.

मग आक्षेप कशाला? तर बदलण्याला नव्हे, पुसण्याला. वादळानंतर ज्यांनी छप्पर पुन्हा घातलं ते त्याच भिंतीवर उभे राहून घालत होते, त्याच दगडाशी नि चुन्याशी बोलत. त्यांना जुन्याची भाषा येत होती, म्हणून नवं जुन्यात मिसळलं. आता जे होतं त्यात जेसीबी एका दिवसात सगळं खाली घेतो, दगड भरावाला जातो, लाकडी वेदी जुन्या बाजारात जाते. सागवान आहे हो, भाव चांगला येतो. चर्च कधीचं, किती वेळा वाढवलं, कुठल्या वर्षी दार बंद करून खिडकी केली, हे सांगणारा एकमेव कागद ती भिंतच होती. किल्ल्याला निदान केंद्रीय संरक्षण आहे, भोवती बांधकामाला कायद्याची बंधनं आहेत. गावातल्या नांदत्या चर्चला तसलं काही नाही. तिचं भवितव्य एका रविवारी मिस्सेनंतर, चहा-बिस्किटांबरोबर, हात वर करून ठरतं. पडकी चर्च जपायची आणि उभी पाडायची, असा हा आमचा न्याय.

शिवाय नवं जे येतं ते टिकतं किती? समुद्रकाठी आरसीसीचा अनुभव आपल्या प्रत्येकाच्या घरात आहे. खारी हवा काँक्रीटमध्ये झिरपते, आतल्या लोखंडाला गंज चढतो, गंजलेला गज फुगतो आणि काँक्रीटला आतून फोडतो. तीस-चाळीस वर्षांत स्लॅबचे पोपडे पडून गज दिसायला लागतात, नि मग ‘पुनर्विकास’. ज्या भिंतीला आपण जुनी, धोकादायक म्हणतो ती चार शतकं त्याच हवेत उभी आहे, कारण तिच्यात गंजायला काही नाही. भिंत बऱ्याचदा आजारी पडते ती आपणच तिला सिमेंट फासतो म्हणून. चुन्याची भिंत पावसात ओल घेते आणि उन्हात सोडते. वरून सिमेंटचा गिलावा आला की ओल आत कोंडते, खार आतल्या आत साठतो, दगडाचे सांधे पीठ होतात. मग लोक म्हणतात, बघा, जुनं बांधकाम किती कच्चं.

उलट बाजूची चूकही सांगायला हवी, कारण ती जपणाऱ्यांच्या हातून होते. वर ज्या बॉम जेझूचं कौतुक केलं तिचा बाहेरचा चुन्याचा गिलावा १९५० च्या दशकात पोर्तुगीज राजवटीतल्या जीर्णोद्धारकांनी काढून टाकला. दगड उघडा पडला की इमारत जुनी, भारदस्त दिसते, ही त्या काळची हौस. तेव्हापासून भुसभुशीत जांभा उघड्याने पाऊस खातोय. आणि गंमत अशी की गिलावा परत घाला म्हटलं की लोक म्हणतात, नको, मूळ रूप बिघडेल. जे रूप सत्तर वर्षांचं आहे त्याला आपण चारशे वर्षांचं समजून बसलो. हा किस्सा मी आमच्या सभेत सांगितला तर मागून एक काका म्हणाले, “म्हणजे बाबा, साहेबाने मेकअप पुसला आणि आपण त्यालाच खरा चेहरा समजलो.” याहून नेमकं मला सांगता आलं नसतं.

सभेनंतर मी चर्चच्या मागच्या खोलीत गेलो, जिथे फादर मिस्सेची वस्त्रं घालतात. तिथे कोपऱ्यात मागच्या पावसाने सिमेंटचा गिलावा सुटून पडला होता आणि खालची मूळ भिंत हातभर उघडी झाली होती. नखाने कड उचलली तर सफेदीचा पापुद्रा निघाला, त्याखाली दुसरा, त्याखाली तिसरा, कांद्यासारखे. मध्येच एक थर निळसर, कुणीतरी त्या वर्षी नीळ जास्त घातली असणार. मी मोजत गेलो. चाळिसाच्या पुढे मोजणं अवघड झालं, पापुद्रे एकमेकांत मुरलेले. आजी सांगायची, सणाच्या आधी गावातली माणसं आळीपाळीने चर्चला सफेदी करत. ज्या घरात त्या वर्षी लग्न झालं असेल त्याने चुना द्यायचा. म्हणजे माझ्या नखाखाली कुणाकुणाच्या लग्नाची वर्षं होती. यातला कुठला थर पोर्तुगिजांचा आणि कुठला आपला, हे किल्ल्यातल्या त्या दोघांनी येऊन मला दाखवावं.

जागा अपुरी पडते, हा प्रश्न खोटा नाही, आणि नुसत्या हळवेपणाने तो सुटत नाही. पण त्याला तोडगे आहेत. जुनं चर्च रोजच्या मिस्सेला ठेवून शेजारी मोठं सभागृह बांधता येतं. सणाला ते उपयोगी, एरवी गावाच्या लग्नांना. छप्पर गळतं ते भिंतीचं पाप नव्हे. वासे आणि रीप बदलले, कौलं फिरवली तर त्याचा खर्च नव्या इमारतीपुढे किरकोळ आहे. आणि पाडायचंच असं बहुमताने ठरलं तर निदान आधी मोजमापं घ्या, नकाशा काढा, प्रत्येक दाराखिडकीचे फोटो काढा, शिलालेख असेल तर उतरवून घ्या. स्थापत्यशास्त्र शिकणारी मुलं अशा कामाला हौसेने येतात, जेवण नि जाण्यायेण्याचं भाडं दिलं तरी. हे मी सभेत मांडलं. निम्म्यांना पटलं, निम्मे घड्याळाकडे बघत होते. फादर म्हणाले, दुरुस्तीचा खरा अंदाज आणा, मग पुढच्या सभेत बोलू.

तेव्हापासून मी चुन्याचं काम येणारा गवंडी शोधतोय. सिमेंटचे शंभर मिळतील, चुन्याचा एक मिळेना. शेवटी आगाशीकडे एकाचा पत्ता लागला. सत्तरी ओलांडलेले, बापाबरोबर लहानपणी घाणीवर बैल हाकलेले. फोनवर त्यांनी चर्च कुणी बांधलं, कधी बांधलं, काही विचारलं नाही. एवढंच म्हणाले, “चुना मुरवायला खड्डा आहे का तुमच्याकडे?”

नाही म्हटलं.

“मग आधी तो खणा. पावसाआधी.”